सहारातली गिटार, जांभळी मोटारसायकल आणि तुआरेग भाषेतला सिनेमा

डोक्याभोवती आणि तोंडावरून गुंडाळलेलं लांबलचक कापड, हातात डावखुरी इलेक्ट्रिक गिटार, मागे मातीच्या भिंती आणि समोर लग्नाची गर्दी. असे व्हिडिओ आता आपल्याकडच्या संगीतवेड्यांच्या फोनवरही येऊन पोचतात. वाजवणारा बहुतेक वेळा एम्डू मोक्तार असतो. नायजर या देशातला हा गिटारवादक आज जगभर गाजतोय. त्याच्याबद्दल शोधायला गेलं की एका सिनेमाचं नाव हमखास समोर येतं आणि तिथून वाचणाऱ्याचा गोंधळ सुरू होतो. नाव उच्चारताना जीभ अडखळते. भाषा कुठली ते कळत नाही. दिग्दर्शक अमेरिकन, कथेचा सांगाडा प्रिन्स या अमेरिकन गायकाच्या सिनेमाचा, आणि तरीही त्याला म्हणतात तुआरेग भाषेतला पहिला कथापट. हे सगळं एकत्र बसतं कसं?

सिनेमाचं नाव ‘आकुनाक तेदालात ताहा ताझुघाय’. २०१५चा, जेमतेम सव्वा तासाचा. नावाचा अर्थ ‘निळ्या रंगाचा पाऊस, त्यात थोडा लाल’. प्रिन्सच्या १९८४च्या ‘पर्पल रेन’ला केलेला हा सलाम आहे आणि तुआरेग भाषेत जांभळ्याला वेगळा शब्द नसल्यामुळे तो असा फिरवून आलाय. या सिनेमाबद्दलचं बरंचसं लिखाण या नावाच्या गमतीपाशीच थांबतं. मला मात्र तो फार वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्या कारणापर्यंत जायला थोडी वाट चालावी लागेल, कारण तुआरेग कोण आणि त्यांच्या हाती गिटार आली कुठून, हे माहीत नसेल तर सिनेमा नुसता छान फोटोंचा संग्रह वाटतो.

आधी माणसं आणि भाषा

तुआरेग हे सहारा वाळवंटातले आणि त्याच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातले लोक. या पट्ट्याला साहेल म्हणतात. पिढ्यानपिढ्या उंट आणि शेळ्यामेंढ्या पाळायच्या, मिठाचे तांडे घेऊन वाळवंट ओलांडायचं, असं त्यांचं जगणं होतं. युरोपीय सत्तांनी नकाशावर रेघा ओढल्या आणि पुढे १९६०च्या आसपास त्या रेघांचे देश झाले, तेव्हा तुआरेग मुलूख नायजर, माली, अल्जेरिया, लिबिया आणि बुर्किना फासो अशा पाच देशांत वाटला गेला. पाचही ठिकाणी ते अल्पसंख्य.

त्यांची भाषा बर्बर कुळातली. मालीत तिला तमाशेक म्हणतात, नायजरमध्ये तमाजक, अल्जेरियात तमाहक. आपण इथे तमाशेकच म्हणू. तिची स्वतःची लिपी आहे, तिफिनाग. वर्तुळं, ठिपके, सरळ रेघा अशी दिसणारी ही लिपी सहारातल्या खडकांवर कोरलेली सापडते. पण शाळेत मुलं शिकली ती फ्रेंचमध्ये. नायजर ३ ऑगस्ट १९६० रोजी स्वतंत्र झाला तरी सरकारी भाषा फ्रेंचच राहिली. बाजारात सगळ्यांची सामाईक भाषा हौसा. २०२५मध्ये तिथल्या लष्करी राजवटीनं फ्रेंचचा मान कमी करून हौसाला राष्ट्रभाषा केलं. तमाशेक आधीही घरची, गुराढोरांची आणि गाण्याची भाषा होती, आजही तीच आहे.

सिनेमा जिथे घडतो ते अगाडेझ हे नायजरच्या उत्तरेकडचं जुनं व्यापारी शहर. राजधानी नियामेपासून रस्त्यानं नऊशेहून अधिक किलोमीटर. गावाच्या मधोमध मशिदीचा २७ मीटर उंच मातीचा मनोरा आहे. त्यातून लाकडी ओंडके काट्यांसारखे बाहेर आलेले दिसतात. दुरुस्तीच्या वेळी गवंडी त्यांवरच पाय देऊन वर चढतात. २०१३मध्ये युनेस्कोनं या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आणखी उत्तरेकडच्या आर्लितमध्ये १९७१पासून युरेनियम काढलं जाऊ लागलं. त्यातला फार थोडा पैसा या मुलखात राहिला, ही तुआरेगांची जुनी तक्रार.

गिटार वाळवंटात आली कशी

तुआरेगांचं जुनं संगीत बहुतांशी बायकांच्या हातात होतं. इमझाद हे एकतारी वाद्य फक्त बायका वाजवत. अर्ध्या भोपळ्यावर शेळीचं कातडं ताणायचं, त्यावर घोड्याच्या शेपटीच्या केसांची एक तार आणि वाकलेला गज. २०१३मध्ये तेही युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. दुसरं तेंदे. धान्य कांडायच्या उखळावर ओलं कातडं ताणून बांधायचं की ढोल तयार. काम झालं की कातडं काढायचं, उखळ पुन्हा कांडायला मोकळं. भोवती बायका गातात, टाळ्या देतात आणि उंटस्वार पुरुष त्या ठेक्यावर गोल फिरतात.

मग १९६८ ते १९७४चा दुष्काळ आला आणि १९८४-८५मध्ये पुन्हा एक. कळप मेले. तरुण मुलं कामाच्या शोधात अल्जेरिया आणि लिबियाकडे चालत निघाली. त्यांना इशुमार म्हणू लागले. शब्द फ्रेंचमधल्या ‘बेकार’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला, पण त्या पिढीनं तो अभिमानानं मिरवला. परक्या शहरांच्या कडेला राहणाऱ्या या मुलांच्या हाती गिटार आणि कॅसेट प्लेअर लागले.

त्यातलाच एक इब्राहिम आग अल्हबीब. १९६३च्या मालीतल्या उठावात त्याच्या वडिलांना ठार मारलं होतं. लहानपणी एका पाश्चात्त्य सिनेमात त्यानं गिटार वाजवणारा काउबॉय पाहिला आणि पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार घेऊन स्वतः गिटार केली. १९७९च्या सुमारास अल्जेरियातल्या तमनरासेतमध्ये त्याच्याभोवती जमलेला ताफा म्हणजे तिनारिवेन. कोणी कोरी कॅसेट आणून दिली की ते तिच्यावर फुकट गाणी भरून देत. ती कॅसेट पुढच्या गावी जाई, तिथे तिच्या प्रती निघत. गाण्यांत घरची आठवण असे, दुष्काळ असे आणि ‘आपण एक आहोत, उठा’ असंही असे. १९९०मध्ये माली आणि नायजरमध्ये तुआरेगांचं बंड पेटलं तेव्हा या कॅसेटी जवळ सापडणंही धोक्याचं झालं होतं. पुढे २०१२मध्ये याच तिनारिवेनला ग्रॅमी मिळालं.

नायजरच्या बाजूला हीच वाट अब्दल्ला उम्बादुगूनं घातली. २०२०मध्ये तो गेला. त्याला वाजवताना पाहून गिटारच्या नादी लागलेला एक मुलगा म्हणजे महमदू सुलेमान, आजचा एम्डू मोक्तार. त्याच्या धार्मिक घरात गाणंबजावणं बसत नव्हतं. गिटार विकत मिळणं तर दूरच. त्यानंही लाकडाला सायकलच्या ब्रेकच्या तारा ताणून पहिली गिटार बनवली. दोन पिढ्या, दोन देश आणि वाद्य तेच.

ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवा. या शैलीत अंगठा खालचा एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहतो आणि बाकीची बोटं त्याच्यावर धावतात. आपल्या कानाला तो तानपुऱ्यासारखा ओळखीचा आधार वाटेल. एम्डूची बोटं या आधारावर इतक्या वेगानं धावतात की तारेवर बोट आपटूनच अर्धे सूर निघतात. खाली ठेका बहुधा तेंदेचाच असतो. म्हणजे गिटार बाहेरून आली तरी बसली ती आज्यांच्या उखळावर.

मेमरी कार्डवरचं गाणं

आता सिनेमाच्या मुळाशी येऊ. २००८मध्ये एम्डू शेजारच्या नायजेरियातल्या सोकोटो शहरात गेला आणि त्यानं ‘अनार’ नावाचा पहिला अल्बम रेकॉर्ड केला. सोकोटोच्या स्टुडिओत तेव्हा हौसा सिनेमांची गाणी होत आणि त्यांत ऑटोट्यून भरपूर वापरत. ऑटोट्यून म्हणजे गळ्याचा सूर संगणकानं सरळ करणारं तंत्र. जास्त लावलं की आवाज धातूसारखा, यंत्रमानवासारखा होतो. एम्डूनं तेच तुआरेग गाण्याला लावलं. तुआरेग संगीतात तोवर हे फारसं कोणी केलं नव्हतं.

इथे भारताचा एक खरा धागा आहे. हौसा मुलखात, विशेषतः उत्तर नायजेरियात, हिंदी सिनेमे अनेक दशकं आवडीनं पाहिले जातात आणि कानो शहरात उभ्या राहिलेल्या हौसा सिनेउद्योगानं नाचगाण्याची पद्धत हिंदी सिनेमातून बरीच उचलली. मुंबईत जन्मलेली गाण्याची सवय कानो-सोकोटोमार्गे सहाराच्या कडेपर्यंत गेली, ती अशी.

एम्डूचा अल्बम तेव्हा दुकानात आलाच नाही. तो मोबाइलवरून फिरला. २००८-१०च्या सुमारास आपल्याकडे तालुक्याच्या स्टँडसमोर ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची ना? वीस रुपयांत पोरगा कॉम्प्युटरवरून दोनशे गाणी टाकून द्यायचा आणि कुठलं गाणं कोणाचं याचा पत्ता नसायचा. साहेलमध्ये हुबेहूब हेच चालू होतं. इंटरनेट दुर्मिळ, फोन मात्र घरोघर. ब्लूटूथवरून गाणं एका फोनमधून दुसऱ्यात जाई, बसमधून दुसऱ्या देशात जाई, वाटेत गायकाचं नाव गळून पडे.

अमेरिकेतल्या पोर्टलंडचा ख्रिस्तोफर कर्कली त्या काळात साहेलमध्ये फिरून लोकांच्या फोनमधली गाणी गोळा करत होता. ‘साहेल साउंड्स’ हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, त्याचं. अशा गाण्यांचा जो संग्रह त्यानं काढला, त्यात एम्डूचं ‘ताहुल्तिन’ होतं. नंतर शोधत शोधत तो खुद्द एम्डूपर्यंत पोचला. सिनेमा निघाला तो या ओळखीतून, आणि त्याचा दिग्दर्शकही कर्कलीच.

सिनेमात घडतं काय

एम्डू जवळपास स्वतःचीच भूमिका करतो. जांभळ्या मोटारसायकलवरून तो अगाडेझमध्ये येतो. शहरात गिटारवाले भरपूर आहेत आणि लग्नांच्या सुपाऱ्या मोजक्या. प्रतिस्पर्धी कादेर त्याच्यावर खार खाऊन असतो. एम्डूचं नवं गाणं त्याच्या हातातून निसटतं. घरी धार्मिक वडिलांना मुलाचं गिटार वाजवणं सहन होत नाही. ते गिटार जाळतात. एका मुलीवर प्रेम बसतं, तिथेही गैरसमज. शेवटी सगळा हिशेब गिटारवाल्यांच्या जाहीर सामन्यात.

एवढीच गोष्ट. भूमिका करणारे व्यावसायिक नट नाहीत, अगाडेझमधलीच माणसं आहेत. काही संवादांत अवघडलेपण दिसतं आणि दोन प्रसंगांमधले सांधेही कुठे कुठे उघडे पडतात. पण गिटार हातात आली की पडद्यावरचा तोच माणूस बदलतो. ‘संगीतप्रधान सिनेमा’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पार्श्वगायन येतं. नायक ओठ हलवतो, गळा दुसऱ्याचा असतो आणि कुठूनसा वाद्यवृंद येतो. इथे तसं काही नाही. जिथे गाणं खरोखर वाजलं असतं तिथेच ते वाजतं. तालमीत, अंगणातल्या मैफलीत, चहा उकळत असताना, लग्नात.

गिटार जळण्याचा प्रसंग मी मुद्दाम वेगळा काढतो. मूळ अमेरिकन सिनेमातला बाप स्वतः हरलेला संगीतकार आहे. तो दारू पितो, बायकोला मारतो, आणि मुलाला भीती वाटते की आपणही असेच होऊ. अगाडेझच्या सिनेमातला बाप वाईट माणूस नाही. त्याला खरोखर वाटतं की गिटारसोबत दारू येते, वाया जाणं येतं, देवापासून दूर जाणं येतं. त्याच्या लेखी तो मुलाला वाचवतोय. त्यामुळे मुलाला चिडायलाही नीट जागा उरत नाही. ब्रेकच्या तारांची गिटार करणाऱ्या एम्डूनं हे घर आतून पाहिलेलं आहे, आणि ते जाणवतं.

“पण ही तर नक्कल झाली ना?”

सांगाडा उसना आहे यात शंका नाही. जांभळा रंग, मोटारसायकल, प्रतिस्पर्धी, बापाशी झगडा, शेवटची मैफल, सगळं प्रिन्सच्या मिनियापोलिस शहरातून अगाडेझला आलंय आणि सिनेमा ते उघडपणे सांगतो.

मला विचाराल तर उसना सांगाडा इथे उपयोगाचाच पडला. सहारावर बनणाऱ्या सिनेमांचा एक साचा ठरून गेला होता. वाळूच्या टेकड्या, निळा फेटा, उंटांची रांग, मग बंदूक, मग दुःख. निळीनं रंगवलेलं कापड अंगाला लागून कातडी निळसर होते म्हणून तुआरेगांना ‘निळे लोक’ म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. बाहेरच्यानं नवी गोष्ट रचली असती तर ती बहुधा याच साच्यात पडली असती. त्याऐवजी एका शहरी, भडक, स्पर्धेनं पेटलेल्या गाणाऱ्या पोराची गोष्ट घेतली आणि अगाडेझच्या गल्ल्यांत सोडली. त्यामुळे जे दिसायला हवं होतं ते दिसलं. मोबाइल दिसले, जनरेटर दिसले, केसांची आणि कपड्यांची ऐट दिसली, मित्रांची टिंगल दिसली, ‘तुझ्यापेक्षा मी भारी वाजवतो’ ही फुशारकी दिसली.

मला हा सिनेमा महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. जगाच्या पडद्यावर एखादी भाषा फक्त बातम्यांत आणि माहितीपटांत ऐकू आली की ती बोलणारी माणसंही कायम संकटातलीच वाटू लागतात. त्यांनी प्रेमात मूर्खपणा केलेला, मत्सर केलेला, रुसलेलं आपण कधी ऐकलेलंच नसतं. इथे तमाशेकमध्ये हे सगळं होतं आणि कोणी थांबून आपल्याला वाळवंट समजावून सांगत नाही.

“अमेरिकन माणसानं केलेला सिनेमा तुआरेग कसा?”

हा आक्षेप हलका नाही. कॅमेऱ्यामागे पोर्टलंडचा माणूस, पैसाही बाहेरून उभा केलेला. आफ्रिकेतलं संगीत गोळा करून पश्चिमेत विकण्याचा इतिहास फार चांगला नाही. गाणाऱ्याला काही मिळालं नाही अशा कहाण्या ढिगानं आहेत. शंका घेणाऱ्याचं चुकत नाही.

बघायचं ते हे, की कथेत कोणाचा शब्द चालला. कथा एम्डू आणि बाकी वादकांच्या अनुभवांवर उभी केली आणि ती तुआरेग प्रेक्षकासाठी बांधली, असा या मंडळींचा पवित्रा होता. त्याचा पुरावा पडद्यावर मिळतो. बाहेरच्या प्रेक्षकासाठी केलेल्या सिनेमात चहा, फेटा, तेंदे असं प्रत्येक गोष्टीवर कॅमेरा रेंगाळला असता. इथे तीन वेळा ओतलेला चहा मागे कुठेतरी चालू असतो आणि बोलणं भलत्याच विषयावर. ज्याला ते रोजचं आहे त्याला समजावण्याची गरज नाही, या भरवशावर सिनेमा चालतो.

तरी दिग्दर्शन तुआरेग हातांत गेलेलं नाही हे खरंच आहे, आणि ते जाईल तेव्हा वेगळं काही दिसेल. ‘पहिला’ या शब्दाला म्हणूनच मी फार वजन देत नाही. पूर्ण लांबीचा काल्पनिक कथापट, एवढ्याच अर्थानं तो पहिला म्हटला जातो. तुआरेगांवरचे माहितीपट त्याआधी कितीतरी झाले होते.

“हे बंडखोरांचं संगीत ना?”

होतं. तिनारिवेनचे काही वादक १९८०च्या दशकात लिबियातल्या लष्करी छावण्यांत होते. नायजरमध्ये २००७ ते २००९ दुसरं बंड झालं तेव्हा गिटारवाल्यांकडे पुन्हा संशयानं पाहिलं गेलं. बोंबिनो या अगाडेझच्या वादकाचे दोन साथीदार मारले गेले आणि तो बुर्किना फासोत पळाला. २०१०मध्ये परत येऊन त्यानं अगाडेझच्या त्याच मातीच्या मशिदीसमोर गिटार वाजवली, गाव लोटलं होतं.

पण एम्डूची पिढी या बंडानंतर कमावती झाली. तिच्यापुढचे प्रश्न लग्नाच्या सुपारीचे, ॲम्प्लिफायरच्या भाड्याचे, नावाचे. सिनेमात बंडाचा विषय निघत नाही. काहींना ती पळवाट वाटली. मला नाही वाटत. बंड विसरलेल्यांचा हा सिनेमा नव्हे. बंडाशिवायही आपली गोष्ट असू शकते असं म्हणणाऱ्यांचा आहे.

“इस्लाममध्ये संगीत चालतं का?”

या प्रश्नाचं एकच उत्तर नाही आणि सिनेमातल्या बापलेकाचा झगडा म्हणूनच खरा वाटतो. तुआरेग शतकानुशतकं मुसलमान आहेत आणि तितकाच काळ गातही आलेत. घराघरांत मतभेद असतात: लग्नात तेंदे हवं, पण आपला मुलगा गिटारवाला नको. २०१२मध्ये उत्तर मालीवर ताबा मिळवलेल्या जिहादी गटांनी संगीतावर बंदी घातली, तो प्रकार निराळा. २००१मध्ये सुरू झालेला आणि पुढे टिंबक्टूजवळ भरणारा वाळवंटातला संगीत महोत्सवही त्यानंतर तिथे भरू शकला नाही. मुलाची काळजी वाटणारा बाप आणि बंदूक घेऊन वाद्यं जाळणारे, यांना एका तागडीत घालू नये. सिनेमा ते करत नाही.

आणि बायका?

हा सिनेमाचा खरा उणा भाग. नायिका आहे, तिला मतं आहेत, तुआरेग समाजात बायका तोंड झाकत नाहीत (झाकतात ते पुरुष) आणि घरात त्यांचा शब्द चालतो, हेही दिसतं. पण वाजवणारे सगळे पुरुष. ज्या समाजात इमझाद फक्त बाईनं वाजवायचं, तिथे गिटारचा सामना पूर्ण पुरुषांचा झाला, हा बदल सिनेमा लक्षातही घेत नाही.

ही जागा पुढे फातू सैदी गालीनं भरली. इल्लिगदाद या नायजरमधल्या छोट्या गावातली ही मुलगी भावाच्या गिटारवर शिकली. मैत्रिणींबरोबर तिनं जो ताफा केला त्यात गिटार आणि तेंदे शेजारी शेजारी बसतात, आणि पाण्यावर उपडा ठेवलेला अर्धा भोपळा ढोलासारखा वाजतो. गिटारला तिच्या उखळापाशी परत नेलं ते तिनं.

पुढे काय झालं

एम्डूचा ताफा परदेशी मंचांवर जाऊ लागला. २०१९मध्ये ‘इलाना’ आला, २०२१मध्ये ‘आफ्रिक व्हिक्टिम’. मोबाइलवर नाव गळून पडलेला गायक आता रॉक संगीताच्या मोठ्या महोत्सवांत दिसू लागला. त्याच्या ताफ्यातला दुसरा गिटारवादक अहमदू मदास्सान याला घेऊन कर्कलीनं २०१७मध्ये ‘झेरझुरा’ हा आणखी एक तमाशेक सिनेमा केला. वाळवंटात हरवलेल्या भावाचा शोध आणि जिन्न म्हणजे अदृश्य भुताखेतांची दुनिया, असा तो स्वप्नासारखा आहे.

जुलै २०२३मध्ये नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा एम्डूचा ताफा अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. सीमा बंद झाल्या, विमानं थांबली, घरी जाता येईना. त्या अडकलेल्या काळात त्यांनी तयार असलेल्या एका अल्बमची गाणी साध्या, विजेविना वाजणाऱ्या वाद्यांवर पुन्हा रेकॉर्ड केली. जोशातली, संतापलेली गाणी त्या आवृत्तीत शोकगीतांसारखी ऐकू येतात. त्या अल्बममधलं ‘इमुहार’ हे गाणं तमाशेक बोलणाऱ्यांनाच साद घालतं: आपली भाषा सोडू नका, ती मरायला टेकलीय.

सिनेमा ते गाणं, हे अंतर नऊ-दहा वर्षांचं. सिनेमात भाषेबद्दल कोणी एक अक्षर बोलत नाही, सगळे फक्त तिच्यात जगतात. गाण्यात मात्र तिची काळजी उघड बोलून दाखवावी लागते. कारणं डोळ्यांसमोर आहेत. अगाडेझ ही लिबियाकडे जाणाऱ्या स्थलांतरितांची मोठी वाट झाली. २०१५च्या एका कायद्यानं त्यांची ने-आण करणं गुन्हा ठरवलं आणि शहरातल्या अनेकांचा धंदा बुडाला; नोव्हेंबर २०२३मध्ये तो कायदा रद्द झाला. तरुण पोरं शहरात, सीमेपार, सोन्याच्या खाणींत पांगली. बोलण्यात हौसा आणि फ्रेंच वाढत गेली. तिफिनाग वाचता येणारी माणसं कमी उरली.

बघायचा असेल तर

आधी ‘ताहुल्तिन’चं जुनं, मोबाइलवरून फिरलेलं रूप ऐका. ऑटोट्यूनचा तो खरखरीत आवाज पहिल्यांदा विचित्र वाटेल, दोनदा ऐका. मग सिनेमा. त्यानंतर २०२१चा अल्बम, म्हणजे तोच हात किती पुढे गेला ते कळेल. सिनेमा बघताना हेडफोन लावा, कारण खालचा एकसुरी आधार फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, आणि तो गेला की अर्धं संगीत गेलं. उपशीर्षकं वाचण्यात मैफलीचे प्रसंग वाया घालवू नका. तिथे गिटारवाल्यापेक्षा भोवतीच्या माणसांकडे बघा. कोण पैसे द्यायला उठतं, कोण फोन वर धरून रेकॉर्ड करतं, कोणाचं तोंड पडतं.

आणि आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांना एक विनंती. बोलणं मोजकं, लांबी सव्वा तास. हक्क असणाऱ्यांची परवानगी घेऊन याची मराठी उपशीर्षकं करणं हे दोन-तीन उत्साही माणसांचं आठवड्याभराचं काम आहे. गिटार जळते त्या प्रसंगातलं बापलेकाचं बोलणं इंग्रजीपेक्षा मराठीत कितीतरी नेमकं उतरेल.